सोनबातात्या, राहणार उंबरघर

माझ्या चुलत्याला, सोनबातात्याला, कुणी गाव विचारलं की तो सांगायचा, "उंबरघर." विचारणारा नवखा असला तर पुढचा प्रश्न ठरलेला असे, "हे कुठं आलं?" मग तात्या धरणाच्या पाण्याकडे हात करायचा आणि बोट जरा खाली वळवून म्हणायचा, "तितं. खाली."

मुळशीचं धरण भरलं तेव्हा खोऱ्यातली जी गावं पाण्यात गेली, त्यांत आमचं उंबरघर होतं. माणसं चढावर येऊन राहिली. त्या वस्तीचं नाव सरकारी दप्तरात 'वरची वाडी' असं पडलं आणि हळूहळू सगळ्यांच्या तोंडात बसलं. तात्याच्या तोंडात ते बसलं नाही. वरच्या वाडीत तो तीस-पस्तीस वर्षं राहिला, तिथे त्यानं घर बांधलं, तिथेच त्याची बायको, माझी काकू, वारली. पण आपण वरच्या वाडीचे आहोत हे त्यानं कधी मान्य केलं नाही. "गाव हाय तितंच हाय," तो म्हणायचा. "पाणी पाव्हणं आलंय."

पौडहून आमच्या बाजूला एस.टी. सुरू झाली तेव्हा पहिल्याच दिवशी कंडक्टरनं विचारलं, "कुटं?"

"उंबरघर."

"बाबा, तितं गाडी जात न्हाई."

"मग जाईल तितवर दे."

कंडक्टर बदलत गेले, संवाद बदलला नाही. पुढे रिहे गावचा एक शंकर नावाचा कंडक्टर आला, त्याला तात्याची फार गंमत वाटे. तात्या पायरीवर पाय ठेवायच्या आत तो ओरडायचा, "हं, येक उंबरघर, पाण्यापतुर!" अख्खी गाडी हसायची. तात्या गंभीरपणे तिकीट घ्यायचा आणि मुंडाशात खोचायचा. यात हसण्यासारखं काय आहे हे त्याला कळत नसे.

वैशाखात पाणी उतरलं की एखाद्या वर्षी आमच्या जुन्या घराचं जोतं चिखलातून वर येई. तात्या खराटा घेऊन खाली जायचा, जोतं झाडायचा आणि तिथे मांडी घालून बसायचा. मी सात-आठ वर्षांचा होतो. धावत त्याच्याकडे गेलो की तो खेकसायचा, "भितीतनं कुटं येतुयास? दार हिकडं हाय." मग मी परत बाहेर जाऊन, नसलेल्या दारातून, नसलेल्या उंबऱ्यावरून आत यायचो. एकदा आमचे तलाठी कसल्याशा सहीसाठी त्याला शोधत तिथवर आले आणि सरळ जोत्यावर चढले. तात्यानं हात जोडून सांगितलं, "भाऊसाहेब, तुमी चुलीवर हुबं ऱ्हायलाय." तलाठ्यांनी दचकून उडी मारली. मग पायाखाली नुसता वाळलेला चिखल पाहून ते स्वतःशीच चरफडले. जाताना मात्र दाराकडून गेले.

निवडणुकीच्या वेळी पुण्याहून एक कार्यकर्ता जीपनं आला. पांढरे कपडे, हातात वही. "तुमच्या गावाची अडचण सांगा," असं घरोघर विचारत तो तात्यापर्यंत पोचला.

"रस्ता न्हाई," तात्या म्हणाला.

"गावाचं नाव?"

"उंबरघर."

त्यानं ते लिहून घेतलं. संध्याकाळच्या सभेत तो हात उंचावून म्हणाला, "उंबरघरला दोन वर्षांत पक्की सडक झाल्याशिवाय आम्ही स्वस्थ बसणार नाही!" लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले. तात्या एकटा उभा राहून टाळ्या वाजवत होता. घरी येताना मी त्याला म्हणालो, "तात्या, त्यानं तुला फसवलं." तात्या म्हणाला, "फसवू दे. पर पार्टीच्या मान्सानं भर सभेत गावाचं नाव घेतलं का न्हाई? इतक्या वर्सांत पयल्यांदा."

हे सगळे किस्से मी पुढे पुष्कळ ठिकाणी सांगितले. लोकांना ते आवडतात. पण आता जे सांगणार आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि तेवढ्यासाठीच हा मजकूर लिहायला बसलो आहे.

मी दोन वर्षांचा असताना माझे आई-वडील एकाच साथीत गेले. तात्याला मूल नव्हतं. त्यानं आणि काकूनं मला वाढवलं आणि मी तिसरीत असताना काकूही गेली. मला शाळेत घालताना मास्तरांनी जन्मगाव विचारलं. तात्यानं काय सांगितलं असेल हे वेगळं लिहायला नको. मास्तर बाहेरगावचे, नवे होते. त्यांनी 'उंबरघर' असं टाकानं सुवाच्य लिहिलं. मी जन्मलो तेव्हा उंबरघर बुडून चौदा पावसाळे झाले होते. म्हणजे शाळेच्या दप्तराप्रमाणे माझा जन्म पाण्याखाली झाला आहे.

पौडच्या हायस्कुलात गेल्यावर ही गोष्ट मुलांना कळली आणि माझं नाव 'पाणकोंबडा' पडलं. मी तिथे बोर्डिंगात राहायचो. दर शनिवारी तात्या तांदळाची भाकरी आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून, बहुतेक वेळा चालत, यायचा. शाळा सुटेपर्यंत थांबणं त्याला जमत नसे. वर्गाच्या दारात उभा राहून तो विचारायचा, "आमचं पोरगं कुटं हाय?"

मास्तर विचारायचे, "कुठलं पोरगं?"

"उंबरघरचं."

मागच्या बाकांवरून "क्वाक क्वाक" असा आवाज यायचा. मी मान खाली घालून बाहेर जायचो, फडकं घ्यायचो आणि म्हणायचो, "जा आता." तो म्हणायचा, "खाऊन घे, मग जातो." आणि मी पहिला घास खाल्ल्याशिवाय हलायचा नाही. शाळेच्या भिंतीवर तालुक्याचा नकाशा होता. एका शनिवारी त्यानं त्यातल्या निळ्या रंगात कोळशानं एक ठिपका काढून ठेवला. हेडमास्तरांनी मला बोलावून तो पुसायला लावला. पुसताना मला तात्याची लाज वाटली, तशी त्यापूर्वी कधी वाटली नव्हती. ती लाज पुढे वाढतच गेली.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी मी मॅट्रिक झालो. मार्क चांगले पडले. हेडमास्तरांच्या सांगण्यावरून दोन ठिकाणी अर्ज केले होते, एक पुण्यातल्या सरकारी कॉलेजात आणि दुसरा जबलपूरला, तिथल्या सरकारी कॉलेजात. तिथे बाहेरच्या प्रांतातल्या मुलांसाठी थोड्या जागा ठेवलेल्या होत्या आणि ग्रंथालयात काम करणाऱ्याला फी माफ होती. दोन्हीकडून पत्रं आली. वरच्या वाडीत इतकी मोठी बातमी कधी आली नव्हती. पारावर रोज तिची चर्चा चाले.

"पुनंच बरं," एक जण म्हणे. "आपल्या राज्यात शिकला तर आपल्या राज्यात नोकरी."

"जबलपूर कुटं आलं रं?"

"रेल्वेनं दिसभर जावं लागतं, आन रात बी."

"तितं भात खात्यात का पर?"

"गव्हाच्या पोळ्या. रोज."

"रोज? मग न्हाई टिकायचं पोरगं."

हेडमास्तरांचंही मत पुण्याचंच होतं. माझं मत कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलंही नसतं.

पुण्याच्या पत्रात एक अट होती. कॉलेजातल्या बहुतेक जागा राज्याच्या रहिवाशांसाठी होत्या. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जे गाव लिहिलं होतं ते त्यांच्या यादीत कुठे सापडत नव्हतं. तेव्हा अमुक तारखेपर्यंत पालकाच्या सहीचा, कचेरीतून काढलेला रहिवासाचा दाखला आणावा, नाहीतर अर्ज बाहेरच्या राज्यातला धरला जाईल. आणि बाहेरच्या राज्यातल्यांच्या जागा भरल्या होत्या.

म्हणजे माझ्या पाण्याखालच्या जन्मामुळे मी पुण्यापासून बारा कोसांवर राहूनही परराज्यातला ठरलो होतो.

पौडच्या कचेरीत मजकूर तयारच होता. 'मी खाली सही करणार, वरची वाडी येथील पिढीजात व कायमचा रहिवासी असून, उंबरघर या नावाचे गाव अस्तित्वात नाही.' मी तो घरी आणून तात्याला वाचून दाखवला. त्यानं पुन्हा वाचायला लावला. चार इयत्ता शिकलेला माणूस, पण तिसऱ्यांदा कागद माझ्या हातातून घेऊन बोट फिरवत त्यानं स्वतः वाचला.

"'अस्तित्वात न्हाई' म्हंजी?"

"म्हणजे नाही."

"आन म्या सही करायची?"

"नुसता कागद आहे, तात्या."

"नुसता कागदच लई वंगाळ. आपलं गाव कागदानंच बुडालं. पाणी मागनं आलं."

पुढचे अकरा दिवस तो माझ्याशी त्याबद्दल बोलला नाही. सकाळी उठून पाण्याकडे जायचा, दुपारी यायचा, जेवायचा, पुन्हा जायचा. पेरणीचे दिवस होते. आमच्या खाचरात रोपाचं बी टाकायचं राहिलं आणि ते शेजाऱ्यांनी टाकलं. पारावर लोक म्हणत, "सोनबा न्हाई ऐकायचा. पोराचं वाटुळं झालं तरी चालंल, पर ह्यो गाव सोडायचा न्हाई." मी तेव्हा मनातून तात्याच्याच बाजूचा होतो. त्यानं सही करू नये, म्हणजे मला जबलपूरला जावंच लागेल आणि त्यात माझा काही दोष राहणार नाही, असं माझं चाललं होतं.

बाराव्या दिवशी सकाळी तो मुंडासं बांधून माझ्यापुढे उभा राहिला. "चल पौडाला."

कचेरीत कारकून होते, त्यांनाही सगळे भाऊसाहेबच म्हणत. त्यांनी कागद पुढे सरकवला. तात्या म्हणाला, "ह्येच्यात आसं लिवा की गाव हाय, पर पाण्याखाली हाय."

"सोनबा, तसा रकाना नाही."

"मग पाडा की रकाना."

"तो मी पाडायचा नसतो. वरून येतो."

"वरनं पाणीच येतं फकस्त," असं म्हणून तात्या बाहेर गेला आणि चिंचेखाली बसला. भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. बऱ्याच वेळानं तो आत आला, टाक घेतला आणि सही केली. सही करताना नावापुढे 'उंबरघरकर' असं लिहायची त्याची सवय होती. 'सोनबा' लिहून झाल्यावर हात सवयीनं पुढे गेला, 'उं' उमटला आणि तिथेच थांबला.

"तेवढं खोडा," भाऊसाहेब हळू आवाजात म्हणाले.

त्यानं ते खोडलं.

बाहेर आल्यावर म्हणाला, "झालं न्हवं तुजं काम? चल, चा पिऊ." चहा पिताना त्याची कळी खुलली. "तू पुन्यात ऱ्हाशील. शनवारी म्या यीन. तितं बोर्डिंगात कुनालाबी इचारीन, आमचं पोरगं कुटं हाय म्हून. भाकर आनीन." जणू त्या अकरा दिवसांत त्यानं हाच एक हिशेब मांडला होता आणि एका बाजूला गाव आणि दुसऱ्या बाजूला शनिवार ठेवून पाहिला होता.

परतीच्या गाडीत शंकर कंडक्टर होता. "हं, येक उंबरघर, पाण्यापतुर!"

तात्या खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "वरच्या वाडीचं दे."

शंकर हसायला तोंड उघडून तसाच राहिला. तिकीट फाडून त्यानं तात्याच्या हातावर ठेवलं आणि मला डोळ्यांनीच विचारलं, काय झालं? मी मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी मी दाखला घेऊन पुण्याला गेलो. मुदतीचा शेवटचा दिवस होता. ऑफिसची खिडकी पाच वाजता बंद होणार होती आणि मी पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. रांगेत सहा-सात मुलं होती. इस्त्रीचे कपडे, पायांत बूट. एकाचे वडील बरोबर होते, कोट घातलेले. मी रांगेत उभा राहिलो आणि मला त्या फाटकातून तात्या आत येताना दिसला. म्हणजे खरा नाही, येत्या शनिवारचा. अनवाणी, फडकं बगलेत, या मुलांना थांबवून विचारणारा. त्यापुढे येणारा पाणकोंबड्याचा आवाजही ऐकू आला. इथे तो आणखी चार वर्षं ऐकावा लागणार होता.

मी रांगेतून बाहेर पडलो. रस्त्यापलीकडे एक हॉटेल होतं. तिथे खिडकी दिसेल अशा बाकावर बसलो आणि भजी मागवली. ती खाल्ली, आणखी एक बशी मागवली. खिशात दाखला होता. मी काही ठरवत नव्हतो, फक्त बसलो होतो. असंच मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. पाच वाजता खिडकी बंद झाली. मी पैसे दिले, हात धुतले आणि गाडी पकडली.

तात्या फाट्यावर उभा होता. "दिला?"

"उशीर झाला, तात्या. मुदत कालच संपली होती."

तो वाडीकडे वळला. वाटेनं चालताना त्याच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. तो बोटांची पेरं मोजत होता. दहा झाली, मग आणखी एक. घर आल्यावर म्हणाला, "अकरा दिस म्या घालवलं."

तेव्हा सांगता आलं असतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "जाऊ दे. पुढच्या वर्षी जबलपूरहून पुण्याला बदली मिळते का बघू." हे वाक्य मी त्याला बरं वाटावं म्हणून टाकलं होतं आणि त्याच रात्री विसरलो.

जबलपूरला मी सुखात होतो. पोळ्या पचल्या. तिथे मला कुणी पाणकोंबडा म्हणत नव्हतं. तिथे मी तात्याचे किस्से सांगून वसतिगृहात लोकप्रिय झालो. चुलीवर उभे राहिलेले तलाठी, पाण्यापर्यंतचं तिकीट, उंबरघरची सडक. शेवटी मी सांगायचो, "आणि या म्हाताऱ्यानं सही केली नाही म्हणून मी आज इथे आहे." पोरं टेबलं बडवायची. हे शेवटचं वाक्य मी इतक्या वेळा सांगितलं की ते खोटं आहे हे मला अधूनमधून स्वतःला आठवून द्यावं लागे.

गावातही तेच चाललं होतं. मी पहिल्या दिवाळीला आलो तेव्हा पारावरचे म्हातारे तात्यासमोरच मला म्हणाले, "ह्येच्या हट्टापायी परमुलखात पडलास रं." मला वाटलं, आता तात्या सांगेल, म्या सही केली हुती म्हणून. त्यानं तंबाखू मळली आणि म्हणाला, "व्हय. माझ्यामुळंच." सही केल्याचं त्यानं गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. गाव त्याला हटवादी म्हणून शिव्या देत होतं, आणि त्याचा हट्ट तर कचेरीत केव्हाच संपला होता. हे ठाऊक असलेली माणसं तीन, तात्या, भाऊसाहेब आणि मी. मी पारावर पडलेलं एक सुकं पान उचलून त्याचे तुकडे करत बसलो.

पहिलं वर्ष संपून मे महिन्यात घरी आलो, तर तात्यानं कोनाड्यातून कागद काढून पुढे ठेवला. नवा दाखला. तोच मजकूर, तीच सही, या वेळी खाडाखोड नाही. "आखितीलाच काढला," तो म्हणाला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. "बदलीला लागंल. औंदा उशीर न्हाई व्हायचा."

मी तो घेऊन गेलो. महिन्यानं पत्र टाकलं की थोडासा उशीर झालाच. एकदा चाललेलं खोटं दुसऱ्यांदा वापरायला काही कष्ट पडत नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी दाखला गुढीपाडव्याला काढलेला होता आणि पोस्टानं आला. मी पुन्हा तसंच पत्र लिहिलं, फक्त शब्द थोडे बदलले.

तिसऱ्या वर्षीच्या दिवाळीत सुट्टी संपवून परत निघण्याच्या दोन दिवस आधी मी काही कामासाठी पौडला गेलो होतो. बाजारात भाऊसाहेब भेटले. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"तुमचे तात्या परवा येऊन गेले. मी म्हटलं, सोनबा, मागचा दाखला अजून चालतो, नवा कशाला? तर म्हणाले, त्यो उशिराचा हाय, ताजा द्या." भाऊसाहेब हसले आणि मग हसू आवरून म्हणाले, "सही करताना हात अजून पुढं जातो हो त्यांचा. आता मीच कागदावर बोट ठेवून बसतो, नावाच्या पुढं. बोट लागलं की ते थांबतात. एवढ्यांदा दाखला लागतो तरी कशाला तुम्हाला? पुण्याचं कॉलेज दर वर्षी मागतं?"

"हो," मी म्हणालो. "त्यांचा नियम आहे."

चारही दाखले माझ्याकडे आहेत. नोकरी मी तिकडेच धरली, लग्न तिकडे झालं, मुलं तिकडची भाषा बोलतात. तात्या गेल्याची तार मला दोन दिवस उशिरा मिळाली आणि मी पोचलो तेव्हा शेजाऱ्यांनी सगळं उरकलं होतं. पारावर कुणी तरी म्हणालं, "शेवटपतुर वाडीचं नाव घेतलं न्हाई गड्यानं." लोकांनी माना हलवल्या, थोड्या कौतुकानं. मीही हलवली. आता मी त्याच वयाचा होत चाललो आहे ज्या वयात तो चिंचेखाली जाऊन बसला होता. बायकोला, मुलांना मी तलाठ्याचा किस्सा सांगतो, सडकेचा सांगतो. भज्यांचा सांगितलेला नाही.

त्या तिसऱ्या वर्षीच्या दिवाळीला तो मला सोडायला फाट्यावर आला. गाडी लांबून दिसू लागली तेव्हा त्यानं बंडीच्या आतून दाखला काढला. पावसानं भिजू नये म्हणून मेणकापडात गुंडाळला होता, पाऊस संपून महिना झाला होता तरी.

"औंदा दिवाळीतच काढलाय," तो म्हणाला. "आखितीला काढला तरी उशीर झाला. पाडव्याला काढला तरी झाला. आता न्हाई व्हायचा न्हवं?" आणि माझ्या तोंडाकडे बघत, आपल्याच हातून पुन्हा काही राहून गेलंय की काय अशा आवाजात त्यानं विचारलं, "का दसऱ्याला काढाया पायजे हुता?"

गाडी येऊन थांबली होती. कंडक्टर घंटेच्या दोरीला हात लावून माझी वाट पाहत होता.

"न्हाई तात्या," मी म्हणालो आणि दाखला घेतला. "ह्या खेपेला पोचंल."